पाण्यातले नेचे आणि नावांचा घोळ

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने नेच्यांवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही आणि तसा आवही आणणार नाही. पण नाव आणि वस्तू यांचा संबंध कसा जुळतो, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. तो पुस्तकातून काढून चिखलात उभा करायचा असेल, तर आपल्या पाणथळ जागेतले नेचे त्याला फार उपयोगी पडतात. म्हणून आज दोन्ही कामं एकदम करू. कोकण-गोव्याकडचे चार-पाच नेचे ओळखायला शिकू, आणि ओळखणं म्हणजे नेमकं काय, हेही जाता जाता पाहू.

सुरुवात एका ओळखीच्या शब्दापासून करतो. पंकज. फोड केली तर अर्थ होतो चिखलात जन्मलेलं. आता चिखलात लव्हाळा उगवतो, बेडूकही तिथलाच. त्यांना आपण पंकज म्हणत नाही. पंकज म्हणजे कमळ. शब्दाच्या अवयवांतून एक अर्थ निघतो, त्याला आपल्याकडे योग म्हणतात. लोकांच्या वापरातून जो ठरतो तो रूढी. दोन्ही मिळून ज्याचा अर्थ ठरतो तो शब्द योगरूढ. पंकज हे त्याचं ठरलेलं उदाहरण आहे.

हे व्याकरणाचं कीस काढणं वाटेल, पण याच ठिकाणी तळी उजाड होतात. कशी ते पाहा. जलपर्णी हा शब्द घ्या. फोड केली तर पाण्यावरचं पान. रूढी अशी की जलपर्णी म्हणजे ती जांभळ्या फुलांची, फुगीर देठांची, दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती, जिने आपल्या नद्या झाकून टाकल्या. आता गावात तळं स्वच्छ करायची मोहीम निघते. सांगणारा म्हणतो, ‘जलपर्णी काढा.’ त्याच्या मनात रूढीचा अर्थ असतो. पाण्यात उतरलेला ऐकतो योगाचा अर्थ, म्हणजे पाण्यावर जे जे हिरवं दिसेल ते. संध्याकाळपर्यंत काठावर ढीग लागतो, आणि त्या ढिगात परक्या जलपर्णीबरोबर आपले देशी नेचेही वाळत पडलेले असतात. कुणाचा हेतू वाईट नव्हता. एकाच शब्दाचे दोन अर्थ दोन माणसांच्या डोक्यात होते, एवढंच.

आता नेच्यांकडे वळू.

नेचा म्हणजे काय?

नेचा म्हणजे इंग्रजीतलं फर्न. न्यायशास्त्रात लक्षण सांगताना तीन दोष टाळायला सांगतात. गाईचं लक्षण ‘जिला शिंगं असतात ती’ असं केलं, तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. ‘जिचा रंग तांबूस ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. आणि ‘जिचा खूर अखंड असतो ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडणार नाही. हा असंभव. हे तीन शब्द लक्षात ठेवा, ते आज तासभर पुरतील.

बहुतेकांच्या मनातलं नेच्याचं लक्षण असं असतं: पिसासारखं बारीक कापलेलं पान असलेलं, सावलीतलं शोभेचं झाड. तपासून पाहा. रोपवाटिकेत ‘अ‍ॅस्पॅरॅगस फर्न’ म्हणून कुंडी मिळते. पान पिसासारखंच दिसतं. पण तिला फुलं येतात, फळं धरतात. ती आपल्या शतावरीची बहीण, तिचा नेच्याशी संबंध नाही. गाजराचं पानही पिसासारखंच असतं. म्हणजे अतिव्याप्ती झाली. उलट, चार पाकळ्यांसारखं साधं पान असलेली मार्सिलिया, पाण्यावर तरंगणारी अझोला, या दोघीही अस्सल नेचे; त्या या लक्षणाबाहेर राहतात. म्हणजे अव्याप्तीही झाली. एकाच वाक्यात दोन्ही दोष!

मग बरोबर लक्षण कोणतं? शाळेत शिकवतात ते असं: फूल नाही, बी नाही, पण पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नलिका आहेत, आणि प्रजनन बीजाणूंनी होतं, तो नेचा. हे पुष्कळच बरं आहे. पण पाचगणीच्या सड्यावर जा. पावसाळ्यात कातळावरच्या उथळ डबक्यांत गवताच्या जुडीसारखं काहीतरी उभं असतं. ते उपटून बुंधा पाहिलात तर पानांचे तळ कांद्यासारखे एकमेकांवर बसलेले, आणि प्रत्येक तळाशी बीजाणूंची पिशवी. ही इसोएटिस. तिच्या एका जातीला पाचगणीवरूनच पांचगणीएन्सिस नाव दिलेलं आहे. फूल नाही, बी नाही, नलिका आहेत, बीजाणू आहेत. सगळं लक्षण लागू पडतं, आणि तरी ती नेचा नाही! वंशावळ पाहिली तर नेच्याला वडाचं झाड जवळचं, आणि ही इसोएटिस दूरची. नेचे आणि बी धरणाऱ्या वनस्पती एका फांदीवरच्या. इसोएटिस त्याआधीच फुटून निघालेल्या फांदीवरची.

म्हणजे आज शास्त्रज्ञ नेचा कशाला म्हणायचं हे नात्यावरून ठरवतात. रूपावरून आपण ओळखतो. ठरवणं आणि ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. माणसांचं तसंच नाही का? अमुक माझा चुलतभाऊ आहे हे ठरतं वंशावळीने, आणि गर्दीत मी त्याला ओळखतो चालण्यावरून.

काही नेचे, जवळून

आपण खाडीपासून सुरू करू. कांदळवनात, जिथे भरतीचं खारं पाणी येतं, तिथे माणसाच्या उंचीचा, कधी त्याहूनही उंच नेचा झुबक्याने वाढतो. अ‍ॅक्रोस्टिकम ऑरियम. गोव्यात आणि कोकणातल्या खाड्यांच्या काठी तो आहे. लांबून पाहणाऱ्याला एखाद्या बुटक्या ताडाचं किंवा शोभेच्या सायकसचं झाड वाटतं. पानं जाड, चामड्यासारखी. खूण कुठे आहे? वरच्या टोकाकडच्या पानुल्या उलटून पाहा. सर्वसाधारण नेच्याच्या पानाखाली बीजाणूंचे ठिपके किंवा रेघा असतात. इथे ठिपके नाहीत. पानुलीची पूर्ण खालची बाजू तांबूस तपकिरी मखमल चिकटवल्यासारखी झाकलेली असते. खारं पाणी, चामड्याचं पान आणि खाली मखमल, या तीन गोष्टी जुळल्या की ओळख पक्की. इंग्रजीत याला ‘लेदर फर्न’ म्हणतात. आणि फुलवाले गुच्छात जे ‘लेदरलीफ’ घालतात तो रुमोहरा नावाचा अगदी वेगळा नेचा. तेव्हा घोळ फक्त आपल्याच भाषेत आहे असं समजू नका.

खाडी सोडून भातशेतीकडे या. बांधाजवळच्या चरात, साचलेल्या गोड्या पाण्यात सेराटोप्टेरिस असते. ही मऊ, रसाळ, एका हंगामाची. हिची गंमत अशी की एकाच रोपावर दोन तऱ्हेची पानं असतात. वांझ पानं रुंद आणि पसरट. बीजाणू धरणारी पानं उभी, अरुंद, हरणाच्या शिंगांसारखी फाटे फुटलेली. या अरुंद पानांच्या कडा करंजीच्या कडेसारख्या खाली दुमडलेल्या असतात, आणि त्या दुमडीत बीजाणू लपलेले. शिवाय पानांवरच लहान लहान पिल्लं फुटतात, ती सुटून वाहत जातात आणि दुसरीकडे रुजतात.

मत्स्यपेट्यांच्या दुकानात हिला हमखास ‘वॉटर विस्टेरिया’ म्हणून मागतात, किंवा उलट होतं. ती दुसरी वनस्पती हायग्रोफिला डिफॉर्मिस. पाण्याखाली तिचं पानही असंच कापलेलं दिसतं. फरक सोपा आहे. हायग्रोफिलाला उभं खोड असतं, त्यावर समोरासमोर पानांच्या जोड्या, आणि पाण्याबाहेर आली की जांभळट फूल येतं. सेराटोप्टेरिसची पानं एकाच बुंध्यातून निघतात, आणि कोवळं पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. ही गुंडाळी नेच्यांची फार भरवशाची खूण. गाजराच्या कोवळ्या पानात ती कधी दिसणार नाही. मात्र सावध राहा, तरंगत्या नेच्यांत ही खूण शोधू नका. तिथे अव्याप्ती होते.

तिसरी मार्सिलिया. पाणी असेल तर तिची पानं पाण्यावर पसरतात, पाणी आटलं की चिखलात उभी राहतात. एका देठावर चार पानुल्या, अधिकाच्या चिन्हासारख्या. हिंदीत चौपतिया, बंगालीत सुषुनी शाक. संस्कृतातलं सुनिषण्णक म्हणजे हीच, असं बहुतेक जाणकार मानतात. रात्री पानुल्या मिटतात. हिची गल्लत होते आंबुटीशी. आंबुटीला तीन पानुल्या, बदामाच्या आकाराच्या, चव आंबट, फूल पिवळं. मार्सिलियाला फूल नाहीच. देठाच्या तळाशी मिऱ्याच्या दाण्याएवढ्या कठीण गोळ्या दिसतात. बीजाणू त्यांत बंद. कोरड्यात वर्षानुवर्षं त्या तशाच पडून राहतात आणि पाणी मिळालं की जाग्या होतात. उन्हाळ्यात भेगा पडलेलं तळं आपल्याला मेलेलं वाटतं. आपण तिथे भराव टाकायला निघतो, तेव्हा खाली हे दाणे वाट पाहत पडलेले असतात.

चौथी अझोला. अगदी बारीक पानांचा त्रिकोणी पुंजका, पाण्यावर तरंगणारा. ऊन वाढलं की लालसर होतो. लोक याला सरसकट शेवाळ म्हणतात. शेवाळाला मूळ, खोड, पान असं काही नसतं. अझोला तळहातावर घेऊन पाण्यात धरा, खाली मुळं लोंबताना दिसतील. अझोला पिनाटा या आपल्या देशी जातीत त्या मुळांनाही बारीक उपमुळं फुटून ती पिसासारखी दिसतात. तिच्या पानांतल्या पोकळीत एक सूक्ष्म नीलहरित जीव राहतो, तो हवेतला नत्र बांधून देतो. म्हणून भातशेतीत तिचा खत म्हणून उपयोग. ज्याला शेवाळ म्हणून खरवडून टाकलं, ते शेताला नत्र पुरवणारं निघालं!

एका चुकीच्या नावाची किंमत

आता आजच्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. साल्विनिया हाही तरंगता नेचा. तिच्या काही जाती भारतात मूळच्या आहेत. काश्मीरकडे एक, बंगाल-आसामकडे एक. पण आज केरळात आणि आपल्याकडच्या तळ्यांतही जी माजलेली दिसते ती परकी. केरळात तिला लोक ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात. पायल म्हणजे शेवाळ. मंडळी, ती आफ्रिकेतली नाही आणि शेवाळही नाही. दक्षिण अमेरिकेतला नेचा आहे तो. दोन शब्दांचं नाव आणि दोन्ही शब्द चुकलेले.

पण हसण्याआधी थांबा, कारण शास्त्रज्ञांचं नावही चुकलेलंच होतं. १९३९ च्या सुमारास ही वनस्पती श्रीलंकेत आली. पुढे १९५९ मध्ये आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवर करिबा धरणाचा जलाशय भरू लागला आणि त्यावर हिचे थर पसरले. भातशेती, मासेमारी, होड्यांची वाहतूक, सगळं अडलं. तेव्हा तिला साल्विनिया ऑरिक्युलाटा समजत होते. मग उपाय काय शोधणार? ही जिथली आहे तिथे तिला खाणारा किडा असेल, तो आणू. १९६० च्या दशकात संशोधक ऑरिक्युलाटाच्या मूळ प्रदेशात गेले, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात. तिथले किडे गोळा केले, निरनिराळ्या देशांत सोडले. म्हणावा तसा उपयोग झाला नाही.

का झाला नाही? १९७२ मध्ये मिचेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ही ऑरिक्युलाटा नव्हेच, वेगळी जात आहे. त्याने तिला नाव दिलं साल्विनिया मोलेस्टा. मोलेस्टा म्हणजे त्रासदायक. नाव बदललं म्हणजे पत्ता बदलला. आता तिचं माहेर नव्याने शोधायला हवं होतं. १९७८ मध्ये ते सापडलं, ब्राझीलच्या आग्नेय भागात. तिथे तिच्यावर जगणारा एक बारीकसा सोंडकिडा मिळाला, धान्यातल्या सोंड्याच्या नात्यातला. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या मूनडारा तलावात सोडला. वर्ष-सव्वा वर्षात तलाव मोकळा झाला! पुढे पापुआ न्यू गिनीत सेपिक नदीवर, श्रीलंकेत आणि त्याच दशकात आपल्या केरळातही तो सोडला गेला, आणि पाणी पुन्हा दिसू लागलं.

इथे एक बारकावा आहे. तो किडाही सुरुवातीला जुन्याच, ओळखीच्या जातीचा समजला जात होता. यशस्वी झाल्यावर, १९८५ मध्ये कळलं की तीही नवी जात. म्हणजे किडा सोडला तेव्हा त्याचं नाव चुकीचंच होतं, तरी त्याने काम केलं. मग नावाला महत्त्व काय राहिलं? मला वाटतं, उत्तर असं. वस्तू आपलं काम करते, तिला नावाची गरज नसते. नाव लागतं आपल्याला, कारण कुठे शोधायचं हे नाव सांगतं. वनस्पतीचं नाव चुकलं म्हणून माणसं वीस वर्षं चुकीच्या दारावर थाप मारत राहिली. किडा मात्र बरोबर दारातूनच उचलला होता, म्हणून त्याच्या नावाची चूक निभावली.

तुमच्या तळ्यात दिसेल ती साल्विनिया परकी का, हे ओळखायची खूण सांगून ठेवतो. पानाच्या वरच्या बाजूला उभे केस असतात. भिंग लावा. मोलेस्टात प्रत्येक देठावर चार केस निघतात आणि टोकाला पुन्हा जुळतात, अंडं फेटायच्या जाळीसारखे. काश्मीरकडच्या देशी नाटान्समध्ये टोकं मोकळी असतात. जुळलेली टोकं दिसली तर ती खुशाल काढा.

वनवासी आणि गवय

नाव कळलं की झालं का? उपमान नावाचं एक प्रमाण नैयायिक मानतात. नगरातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नाही. अरण्यात राहणारा त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे रानात गाईसारखा प्राणी दिसतो, आणि त्याला कळतं, हाच गवय. नाव आणि नावाची वस्तू यांचा संबंध असा जुळतो.

पण त्या अरण्यवासीयाने फक्त सारखेपणा सांगितला. गवय मारकुटा आहे का, हे सांगितलं नाही. १८६१ मध्ये ऑस्ट्रेलियात बर्क आणि विल्स यांची मोहीम कूपर क्रीकपाशी अडकली. अन्न संपलेलं. तिथले यांड्रुवांधा लोक नार्डू नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या दळून खात. नार्डू म्हणजे मार्सिलियाच, आपल्या चौपतियाची ऑस्ट्रेलियातली बहीण. या गोऱ्यांनी ती अचूक ओळखली, गोळा केली, खाल्ली. तरी दोघंही झिजून मेले. तिसरा, किंग, त्या लोकांच्या आश्रयाने वाचला. मार्सिलियात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, आणि स्थानिकांची भाजण्याची, पाण्यात कालवण्याची रीत न पाळल्यामुळे तो त्यांना बाधला, असं काही संशोधकांचं म्हणणं आहे. ओळख बरोबर होती. रीत सोबत आली नव्हती. रानभाज्यांची चित्रं पाहून पाटी घेऊन निघणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

प्रश्नोत्तरांतून

(एका श्रोत्याने विचारले: शास्त्रीय नावंही बदलतातच. मग लोकनावांपेक्षा ती बरी कशी?)

चांगला प्रश्न. बदलतात, खरं आहे. जलपर्णीचं आयकॉर्निया नाव जाऊन आता पाँटेडेरिया आलं. सेराटोप्टेरिसची एक समजलेली जात तपासणीत अनेक निघाली. फरक असा की शास्त्रीय नाव एका वाळवून जपलेल्या नमुन्याला बांधलेलं असतं. वर्णन चुकलं, वर्गीकरण बदललं, तरी नमुना तिथेच. सोल क्रिपकी या तत्त्वज्ञाने १९७० मधल्या आपल्या व्याख्यानांत मांडलं की नाव वर्णनावर टिकत नाही, ते बारशापासून हातोहात चालत येतं. नमुना म्हणजे ते बारसं, लिहून ठेवलेलं. नाव बदललं तरी जुनं कोणतं होतं, कधी बदललं, याची नोंद राहते. लोकनाव नोंदीशिवाय बदलतं. ब्राह्मी म्हणून एकाकडे बेकोपा मिळते, दुसऱ्याकडे सेंटेला, म्हणजे मंडूकपर्णी. दोन्ही पाणथळीतल्याच, आणि दोन्ही विकणारे प्रामाणिक. मयूरशिखा म्हटलं तर कुणी खडकावरचा पंख्यासारखा नेचा देतो, कुणी कोंबड्याच्या तुऱ्याचं फूलझाड.

(दुसरा प्रश्न: मग आजीकडून आलेली नावं सोडून द्यायची का?)

मुळीच नाही. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने केरळातल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला बारा खंड छापले. त्याला माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही. चित्रांवर स्थानिक नावं आहेत, देवनागरीतही आहेत. पुढे लिनियसने त्या चित्रांचा आधार घेतला. ती नावं आज उपयोगी पडतात ती कशामुळे? नावाशेजारी चित्र आहे म्हणून, आणि कुठलं नाव, कुणी सांगितलं, हे लिहिलेलं आहे म्हणून.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. या पावसाळ्यात जवळच्या व्हाळाशी, तळ्याशी जा. नेचा दिसला की चार गोष्टी लिहा: पाणी खारं की गोडं, रुजलेला की तरंगता, कोवळं पान गुंडाळलेलं आहे का, आणि पान उलटल्यावर खाली काय दिसलं. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसाला नाव विचारा, आणि ते नाव, गावाच्या नावासकट, फोटोशेजारी लिहून ठेवा. शास्त्रीय नाव नंतर कुणीतरी जाणकार सांगेल. आणि पुढची तळं-सफाई निघाली की ‘जलपर्णी काढा’ एवढंच सांगून थांबू नका. कोणती काढायची ती हातात धरून दाखवा, आणि कोणती ठेवायची तीही दाखवा.